लांब दाण्याचा भात लगदा झाला तर आधी पोतं बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्याकडचं बारसंच डोळ्यांपुढे आलं. मुलाच्या वाढदिवसाला पुलाव केलात, पोत्यावर 'दोन वर्षं जुना बासमती' असं लिहिलेलं, पाणी मापाने घातलेलं. तरी निम्मे दाणे फुटून चिकट झाले, निम्म्यांच्या पोटात कणी राहिली. वर घरच्यांचा शेरा की हिला लांब तांदळाचं पाणी कळत नाही. खाली बऱ्याच जणींनी पाण्याची मापं दिलीत. मी ती परत देत नाही. इतकी वर्षं भात रांधणाऱ्या बाईला पाणी शिकवायचं म्हणजे कमालच आहे.

माझं लक्ष गेलं ते एकाच गोष्टीकडे. पाणी जास्त झालं तर सगळाच भात मऊ पडतो, कमी झालं तर सगळाच टणक राहतो. एकाच पातेल्यात, एकाच आचेवर, शेजारशेजारचे दाणे दोन तऱ्हेने वागले तर बहुतेक वेळा पोत्यातच दोन तऱ्हेचा तांदूळ असतो. जुन्यात नवा मिसळलेला, नाहीतर बासमतीत स्वस्त लांब दाण्याचं दुसरं वाण. खालचा थर लगदा आणि वरचा कच्चा असं झालं असेल तर मात्र दोष आचेचा किंवा पातेलं गच्च भरल्याचा. तुमचं तसं दिसत नाही.

माझं माहेर नवापूरकडचं. तिथे पाऊस चांगला, घरचं भात पिकतं, त्यामुळे नवा तांदूळ कसा वागतो हे लहानपणापासून माहीत. दिवाळीच्या आसपास घरात आलेला तांदूळ खिचडीला उत्तम, सुट्या भाताला नाही. साठवणीत दाणा आतून घट्ट होत जातो. मग तो पाणी सावकाश पण जास्त शोषतो आणि फुटण्याऐवजी लांबीने वाढतो. वर बासमतीत अमायलोज नावाचं पिष्ट साधारण २० ते २५ टक्के असतं, म्हणून तो इंद्रायणीसारखा चिकटत नाही. नवा असला तर बासमतीही त्रास देतोच.

तर आमचं बारसं. सासर अमळनेरला, पाहुणे भरपूर. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी आणि मसालेभात असा बेत. हौसेने लांब दाण्याचं २६ किलोचं पोतं आणलं. २६ का, तर १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणून बाजारात २६ किलोची पोती आली. त्यात बेकायदा काही नाही. फक्त पोत्यावर एक चित्र आणि ठळक अक्षरं सोडली तर काही छापलेलं नव्हतं, आणि दुकानदाराने हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली. पुढे जे झालं ते तुमच्यासारखंच. चुलतसासूबाईंनी सगळ्यांसमोर निकाल दिला, "तांदूय चांगला व्हता, पानीच चुकनं!"

भात बिघडला त्याचं मला इतकं वाटलं नाही. खरा वेळ आणि डोकं खाल्लं ते नंतर. नाव लिहीत नाही, पण जिल्ह्याच्या ठिकाणी अशा तक्रारींसाठीच बसवलेलं एक कार्यालय आहे. मी कच्चा तांदूळ आणि चिठ्ठी घेऊन गेले. म्हणणं साधं होतं, हा बासमती आहे का तेवढं तपासून द्या, फी भरते. पहिल्या टेबलाने दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथे सांगितलं, वजन बरोबर आहे ना, मग आमचा संबंध नाही, आणि २५ किलोच्या वरच्या पोत्याला वेष्टनाचे आमचे नियम लागत नाहीत. परत पहिल्याकडे. साहेब दौऱ्यावर. अर्ज लिहून द्या. अर्ज या नमुन्यात नाही. झेरॉक्स जोडा. असे खेटे घालून झाल्यावर एका कारकुनाने सहज विचारलं, "घेताना दुकानदाराला सांगितलं होतं का, की तपासणीला देणार म्हणून?"

झालं. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६, कलम ४०. ग्राहकाला स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो, निकाल विक्रेत्याच्या विरोधात गेला तर फी परतही मिळते. पण तपासून घेण्याचा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. हे पहिल्या दिवशी पहिल्या टेबलावर एका वाक्यात सांगता आलं असतं. आणि मला सांगा, बारशाचा तांदूळ घेताना कोण म्हणतं, "शेठ, हा मी प्रयोगशाळेत देणार आहे"? नियम असेल, असू द्या. पण भिंतीवर एक कागद चिकटवायला किती खर्च येतो? तिथे कॅलेंडरं मात्र चार होती.

(मी वकील नाही, हे माझ्या वाचनातलं आणि अनुभवातलं. तुमचं प्रकरण मोठं असेल तर जाणकाराला विचारा. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मला तेव्हा सुचला नाही, तुम्ही तो आधी फिरवा. पक्कं बिल हाताशी ठेवा, नसेल तर दुकानदाराकडे आजच मागा.)

आता यापुढे काय करायचं. माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. समारंभाला पोतं घेऊच नका. ५-५ किलोची पाकिटं घ्या, सगळ्यांवर एकच बॅच नंबर बघून. दोन पैसे जास्त जातील, पण पाकिटावर कोणाचं नाव आहे, कधी भरलं, परवाना क्रमांक काय, हे तरी असतं. बासमतीसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे निकष १ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहेत. त्यात वास नैसर्गिकच हवा, कृत्रिम सुगंध आणि रंग नको, दाण्याची सरासरी लांबी आणि शिजल्यावर तो किती लांबतो हेही धरलंय. पाकिटावर 'बासमती' छापलं की विकणारा त्यात अडकतो. तोंडी 'एकदम जुना माल' म्हणणारा कशातच अडकत नाही.

सुटाच घ्यायचा असेल तर आदल्या आठवड्यात मूठभर घरी आणा. दाणा दाताखाली धरा. जुना टक्कन तुटतो, नव्याचा पिठूळ चुरा होतो. जुन्याचा रंग किंचित मलईकडे झुकतो. पांढराशुभ्र, चकचकीत तांदूळ दिसला की मी दोन पावलं मागे जाते. मग पंधरा-वीस दाणे भिजवून, भरपूर पाण्यात उकळून पट्टीवर ठेवा. चांगला बासमती जवळपास दुप्पट लांबतो. व्यापारी ज्याला ११२१ म्हणतात तो पुसा बासमती कच्चाच ८ मिलिमीटरच्या वर असतो, त्यामुळे कच्च्या लांबीवर भुलू नका, शिजलेली बघा. त्या दाण्यांतले तीन-चार वेगळेच वागले तर भेसळ समजा आणि दुसरं दुकान धरा.

तुमच्याकडे उरलेलं पोतं आहे, त्याचं काय करायचं ते सांगते. मिश्र तांदळाला कुकर आणि मोजून पाणी दोन्ही वर्ज्य, कारण एका मापात दोन्ही तऱ्हा बसत नाहीत. तो वेळून करा. दहा-पंधरा मिनिटंच भिजवा, मोठ्या पातेल्यात भरपूर मीठ-पाणी खळखळून उकळा, तांदूळ टाका, आणि बोटाने दाबून बारीक कणी लागेपर्यंतच ठेवून चाळणीत उपसा. लगेच परातीत पसरा, वरून चमचाभर तूप. फोडणी वेगळी करून मग हलक्या हाताने मिसळा आणि तव्यावर दहा मिनिटं दम द्या. पेज टाकू नका, जिरं घालून प्या नाहीतर कढीत ओता.

उन्हाळ्याची एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या पाककृतींत कोणी लिहीत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खानदेशात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून गरमच येतं. त्यात अर्धा तास भिजवलेला बासमती भराभर पाणी पिऊन मऊ पडतो, आणि पातेल्यात तुकडे होतो. माठातलं पाणी घ्या. बोअरच्या जड पाण्याने भात पिवळट दिसत असेल तर उकळत्या पाण्यात लिंबाचे चार थेंब पुरतात.

जेवणावळीला आचारी सेला मागतात, त्यांना नावं ठेवू नका. तो उकडून वाळवलेला असतो, त्यामुळे दाणा कडक, हाताळलं तरी तुटत नाही आणि तासभर पातेल्यात राहिला तरी लगदा होत नाही. तासभर तरी भिजवावा लागतो, रंग पिवळसर, वास जवळजवळ नाही. घरच्या चार माणसांच्या पुलावाला मी तो घेणार नाही, पण शंभर पाहुण्यांना डोळे मिटून घेईन.

रोजच्याला लांब दाणा हवाच कशाला, हाही प्रश्न आहेच. आपल्या तेलाच्या फोडणीच्या खिचडीला तो अगदी वाया जातो. डाळ एकीकडे, भात एकीकडे. तिथे चिनोर, कोलम किंवा बासमतीचाच तुकडा घ्या. तिबार म्हणजे मोठा तुकडा, दुबार त्याहून लहान, मोगरा त्याहून बारीक. पुलावाला तिबार चालतो, खिरीला मोगरा छान, वास तोच आणि भाव बराच कमी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाहुणे आले की मी तिबारचाच जिरा राइस करते, अजून कोणी ओळखलेला नाही.

उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, विशेषतः उन्हाळ्यात. शिजलेल्या भातात तग धरणारे जंतू असतात आणि ते तयार करतात ते विष परत गरम केल्याने जात नाही. पसरून लवकर गार करा आणि शिजल्यापासून तासाभरात फ्रिजमध्ये टाका, सकाळी दाणे-कांदा-काळा मसाला घालून परता. आमच्या बारशाचा लगदा मात्र फ्रिजमध्येही मावेना. म्हणून जेवणं उरकताच त्यात जिरं, तिखट, मीठ, थोडा हिंग मळून गच्चीवर साडीवर सांडगे घातले. ऊन कडक होतं, दोन दिवसांत खडखडीत वाळले. तळल्यावर चांगले फुलतात. भात जितका चिकट तितके सांडगे जुळून येतात. ओल राहिली तर मात्र डब्यात बुरशी धरते, म्हणून भरण्याआधी एक मोडून बघा.