चार भावंडे चार ठिकाणी आणि आई-वडील गावी: रोजचे घर तुम्ही कसे चालवता?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण चार भावंडे आहात, तिघे नोकरीनिमित्त पुणे, नागपूर आणि बंगळूरु येथे राहतात, चौथा परभणी जिल्ह्यातील गावी आई-वडिलांजवळ राहून शेती पाहतो. सर्व जण पैसे पाठवतात, फोनही करतात, तरीही दर दोन-तीन महिन्यांनी काही तरी बिनसते आणि अबोला धरला जातो. मग इतर घरे हे कसे निभावतात?

आमचे घर लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात आहे. अक्का हैदराबादेत, दादा पुण्यात, मी छत्रपती संभाजीनगरात आणि धाकटा बापू गावी, अशी आमची पांगापांग होऊन वीस वर्षे उलटली. अण्णा 78 वर्षांचे आहेत, आई 71 वर्षांची. पुढे जे लिहिते आहे त्यातले निम्मे तरी आधी चुकून मग सुचलेले आहे.

पैशाचा मुद्दा आधी संपवते, कारण तो वाटतो तितका अवघड नसतो. पूर्वी आम्ही प्रत्येक खर्चाचे चार भाग करत होतो. सलाइनचे 340 रुपये झाले की बापूने आम्हा तिघांकडे प्रत्येकी 85 रुपये मागायचे, आणि ते मागताना त्याला कमीपणा वाटायचा. आम्हाला मात्र 85 रुपये पाठवूनही काही तरी मोठे केल्यासारखे वाटायचे. आता अण्णा आणि बापू यांच्या नावे, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असे संयुक्त खाते आहे. आम्ही तिघे पाच तारखेच्या आत त्यात ठरलेली रक्कम टाकतो. ती सर्वांची सारखी नाही, ज्याची जशी ऐपत तशी आहे, आणि गुढीपाडव्याला एकदा तिचा फेरविचार होतो. बापू त्यातून कोणालाही न विचारता खर्च करतो, दहा हजारांपुढचा खर्च असेल तर आधी कळवतो, आणि आम्ही हिशेब मागत नाही. ज्याच्यावर आई-वडील सोपवले त्याच्यावर किराणा-दवाखान्याचे पैसे सोपवता येत नसतील, तर अडचण पैशाची नाही हे ओळखावे.

खरी गाठ कामाच्या वाटणीत असते. चार वर्षांपूर्वी अण्णांच्या पायांवर सूज येऊ लागली. कोणी म्हणाले वय झाले, कोणी म्हणाले मीठ कमी करा. मी दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा देवळीतल्या डब्यातून सगळी पाकिटे काढून उजेडात धरली. रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन वेगवेगळी पाकिटे होती. एक दादाने पुण्याच्या डॉक्टरांकडून लिहून आणलेले, दुसरे बापूने लातूरच्या डॉक्टरांकडून आणलेले. मोठ्या अक्षरांतली नावे निराळी होती, पण खाली मुंगीएवढ्या अक्षरांत दोन्हींवर एकच नाव होते, ॲम्लोडिपिन. अण्णा बिचारे दोन्ही मुलांचा मान राखून दोन्ही गोळ्या घेत होते. डॉक्टरांनी सांगितले की या औषधाने काहींच्या पायांवर सूज येते आणि मात्रा वाढली की ती शक्यताही वाढते. त्यांनी एक गोळी बंद केली आणि काही दिवसांत सूज उतरली. दोष कोणाला द्यायचा? दोघेही काळजीपोटीच करत होते, पण एकाचे दुसऱ्याला ठाऊक नव्हते.

त्यानंतर आम्ही काम अर्धेअर्धे करणे सोडले. जे काम ज्याचे, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याचेच. औषधे माझी. म्हणजे डॉक्टरांची वेळ मी घ्यायची, तपासण्यांचे कागद मी जपायचे, औषध संपण्याच्या आठ दिवस आधी मी मागवायचे, आणि कोणीही नवीन गोळी आणली तर ती मला दाखवल्याशिवाय डब्यात जायची नाही. डब्याच्या दोन कप्प्यांवर मी सूर्य आणि चंद्र काढून ठेवले आहेत, कारण आईला अक्षरओळख बेताची आहे आणि अण्णांना चष्मा सापडत नाही.

कागदपत्रे आणि ऑनलाइन कामे दादाकडे आहेत. पीएम-किसानचा हप्ता, त्याचे ई-केवायसी, वीजबिल, विम्याचा अर्ज, सातबाऱ्याचा उतारा, हे सारे तो पुण्यातून पाहतो. अडचण एकच, की ओटीपी गावी अण्णांच्या फोनवर येतो आणि फोन बहुधा गोठ्यातल्या खुंटीवर असतो. एकदा दादाने अण्णांना बजावून सांगितले की फसवणूक फार वाढली आहे, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. पुढच्याच आठवड्यात ई-केवायसी करायला बसला, तर अण्णा आकडे सांगेनात. म्हणाले, ‘तूच सांगितलास ना कोणालाबी सांगू नका म्हणून.’ शेवटी बापू शेतातून आला आणि मग काम झाले. ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाइलवरची नोंद, मात्र शेतात उभे राहूनच करावी लागते, ती पुण्यातून होत नाही. म्हणून ती बापूकडे.

अक्काकडे नातेवाईक. हे काम ऐकायला किरकोळ वाटते, पण आपल्या भागात ते किती मोठे असते हे आपल्याला सांगायला नको. कोणाच्या लग्नाला घरातून कोण जाणार, दहाव्याला कोणी उभे राहायचे, कोणी आपल्या घरी काय आहेर केला होता आणि आता काय परत करायचा, हे सर्व अक्काच्या डोक्यात पक्के असते. पूर्वी ‘तू जाशील असे वाटले’ म्हणत चौघांपैकी कोणीच जायचे नाही आणि गावात आईला ऐकून घ्यावे लागायचे. आता अक्का फोनवरून नेमणूक करते आणि आम्ही मुकाट्याने जातो.

बापूकडे उरलेले सगळे, म्हणजे खरे तर रोजचे सगळे. यासाठी आम्ही एकच नियम ठेवला आहे, आणि आपल्या घरातील अबोल्याचे मूळ बहुधा इथेच सापडेल असे मला वाटते. रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हे जो जवळ आहे तो ठरवील, आणि नंतर कोणीही ‘मी असतो तर’ हे शब्द उच्चारणार नाही. दादाला ही सवय सोडायला फार वेळ लागला. लातूर बाजार समितीतील सोयाबीनचे भाव आता फोनवर दिसतात, त्यामुळे तो कार्यालयात बसून ‘आज विक’, ‘आज थांब’ असे बापूला कळवायचा. एका वर्षी बापूने त्याचे ऐकून माल थांबवला आणि भाव आणखी पडला. बापू काही बोलला नाही, पण दिवाळीपर्यंत त्याने दादाचा फोन घेतला नाही.

बापूचे म्हणून जे काम मी वर लिहिले, त्यातले बरेचसे त्याची बायको करते, हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण आम्हाला ते फार उशिरा दिसले. मी रोज संध्याकाळी सात-साडेसातला फोन करून तिला विचारत असे, आईने गोळी घेतली का, अण्णा जेवले का, काय जेवले. एके दिवशी ती शांतपणे म्हणाली, ‘ताई, तुम्ही रोज हजेरी घेता का?’ मला राग आला. नंतर विचार केला, तेव्हा लक्षात आले की साडेसात ही तिच्या भाकरी थापण्याची वेळ आहे, एक हात पिठात आणि एका हातात फोन, आणि मी तिला ‘तू कशी आहेस’ एवढेही कधी विचारत नव्हते. घरच्या व्हॉट्सॲप गटात तर तिचे नावच नव्हते. आम्ही चार भावंडे आमचे आमचे ठरवून तिला कळवत होतो. आता ती गटात आहे, मी दुपारी फोन करते, आणि वर्षातून दोनदा मी किंवा अक्का आठ-दहा दिवस गावी जाऊन राहतो, तेव्हा ती मुलांना घेऊन निवांत माहेरी जाते. आपल्या प्रश्नात गावाकडच्या वहिनीचा उल्लेख नाही. राग नसावा, पण आधी तिच्याशी बोलून पाहावे.

लपवाछपवीबद्दलही लिहिते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दादा पुण्यात शिकत होता. फोन लागत नव्हते, खबर मिळायला मार्ग नव्हता. मिळेल त्या गाडीने, शेवटचा टप्पा चालत, तो दुसऱ्या दिवशी गावी पोहोचला आणि आम्ही सगळे अंगणात बसलेले दिसेपर्यंत त्याला काहीच माहीत नव्हते. तेव्हा साधन नव्हते. गेल्या वर्षी आई न्हाणीत घसरून पडली, मनगटाला प्लास्टर घालावे लागले, तेव्हा प्रत्येकाच्या हातात फोन होता, तरी ‘उगीच जिवाला घोर नको’ म्हणून आम्ही दादाला कळवले नाही. चौथ्या दिवशी पुण्यात भेटलेल्या गावाकडच्या एका माणसाने त्याला विचारले, ‘आईचा हात कसा आहे?’ दादाला आईच्या पडण्यापेक्षा या विचारण्याचा धक्का जास्त बसला. आता बातमी त्याच दिवशी, सर्वांना, आणि काय उपचार केले त्यासह दिली जाते.

एरवी गटावर काय बोलायचे, हाही प्रश्नच असतो. आमच्याकडे शुभ सकाळच्या चित्रांना बंदी आहे. त्याऐवजी फालतू म्हणाव्यात अशा गोष्टी चालतात. आईला लिहिता येत नाही, म्हणून ती आवाज पाठवते: आज येसराची आमटी केली, गाय आटली, शेजारची सून बाळंतीण झाली, अण्णा पंख्याखाली झोपून वर थंडी वाजते म्हणतात. मागे कोंबडे आरवत असते. दादा रोज कार्यालयाच्या डब्याचा फोटो टाकतो आणि अक्का त्यावर मीठ-तिखट काढते. दिवाळीचे लांबलचक फोन जे करू शकले नाहीत, ते या चिल्लर बोलण्याने केले, कारण आता फोन केला की ‘बाकी काय’ म्हणून गप्प बसण्याची वेळ येत नाही.

याच ओघात धान्याचेही सांगते. तुरीची डाळ आणि ज्वारी दर वर्षी चौघांच्या नावाने निघते. आई ज्वारीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालून पोते शिवते, बापू ते पुण्याच्या ट्रॅव्हल्सवर चढवतो आणि पहाटे पाचला दादा स्कूटर घेऊन थांबलेला असतो. पुण्यात तेवढ्याच पैशांत डाळ मिळते, असा हिशेब वहिनींनी एकदा मांडून पाहिला होता. त्या दिवसापासून हिशेब कोणी मांडत नाही.

आई-वडिलांना शहरात नेऊन ठेवा, असा सल्ला आपल्याला मिळेल. आम्ही तो करून पाहिला. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, गावात टँकरही धड येईना, तेव्हा दादाने दोघांना पुण्याला नेले. नळाला चोवीस तास पाणी होते, पण अण्णा बाल्कनीत खुर्ची टाकून दिवसभर गाड्या मोजत बसायचे. मृगाचा पहिला पाऊस पडल्याचे बापूने कळवले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. आता एसटीचा प्रवास 75 वर्षांपुढील व्यक्तींना मोफत आणि महिलांना अर्ध्या तिकिटात आहे, त्यामुळे दोघे मनात येईल तेव्हा माझ्याकडे किंवा दादाकडे चार दिवस येतात आणि आपल्या पायांनी परत जातात. हैदराबादला ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, म्हणून अक्काच्या वाट्याला ते कमी येतात. ती यावरून अजून रुसते.

सर्वांनी एकत्र भेटण्यासाठी दिवाळी निवडू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. भाऊबीजेला आम्ही बहिणी माहेरी यायचे म्हटले की त्याच दिवशी वहिनींनाही त्यांच्या माहेरी जायचे असते. कोणीतरी मन मारल्याशिवाय चौघे एका पंगतीत बसतच नाहीत. आम्ही वेळ अमावस्या, आमच्या बोलीत येळवस, धरली. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला लातूर जिल्ह्यात गावे ओस पडतात आणि शेते भरतात. कडब्याची कोप करायची, तिच्यात पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांची पूजा करायची, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. दादाची रजा आणि अक्काचे रेल्वेचे तिकीट दोन-दोन महिने आधीच निघते. दुपारी जेवणे आटोपल्यावर बोरीच्या सावलीत पडल्या-पडल्या आमचे वर्षाचे निर्णय होतात. शेतात आम्हा बहिणींचाही हिस्सा आहे, हेही अण्णांनी तिथेच एकदा सर्वांसमोर सांगितले, त्यामुळे त्या विषयाची कुजबुज घरात राहिली नाही.

या वर्षी तिथे एक अवघड विषय निघणार आहे. बापूची मुलगी दहावीला आहे. पुढच्या वर्षी ती अकरावीसाठी लातूरला जाईल, आणि आमच्याकडच्या बऱ्याच घरांत होते तसे, तिच्या आईला तिथे खोली घेऊन तिच्यासोबत राहावे लागेल. म्हणजे दोन वर्षे गावी आई, अण्णा आणि एकटा बापू. भाकऱ्या कोण थापणार, इथून सुरुवात आहे. अक्का म्हणते मी सहा महिने येऊन राहते, दादा म्हणतो स्वयंपाकाला बाई लावू, आणि आई म्हणते मला काय धाड भरली आहे, मी थापीन. बापूच्या बायकोचे मत मी काल दुपारी विचारले. ती म्हणाली, ‘येळवशीला सांगते.’