घटसर्पाची सुरुवात गव्हाणीत होते

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. माण तालुक्यात रुजू झालीस आणि पहिल्याच पावसात घटसर्पाच्या, म्हणजे जनावरांच्या त्या घसा सुजवणाऱ्या जीवघेण्या रोगाच्या, म्हशी बघाव्या लागल्या. ‘जंतू आला कुठून?’ असं विचारलंयस. बऱ्याचदा तो दावणीलाच असतो. पाश्चुरेला मल्टोसिडा, म्हणजे घटसर्पाचा जंतू, एखाद्या धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या टॉन्सिलमध्ये महिनोन्महिने गप्प राहतो. नाकाघशातले इतर निरुपद्रवी जंतू, ओला शेंबूड आणि श्वासनलिकेतले सूक्ष्म केस त्याला वाढू देत नाहीत.

उपासमार नेमकी हीच राखण मोडते. एप्रिल-मे नुसत्या वाळल्या कडब्यावर काढलेल्या म्हशीचा विचार कर. ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते कॅरोटिन कडब्यात जवळपास नसतं. यकृतातला अ जीवनसत्त्वाचा साठा काही महिन्यांत संपतो, मग श्वासनलिकेचं अस्तर कोरडं, राठ होतं आणि ते सूक्ष्म केस गळतात. प्रथिनं कमी पडली की नाकातल्या स्रावातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना अडवणारी प्रथिनं, घटतात. पाणी अपुरं, म्हणून शेंबूड घट्ट. भुकेच्या ताणानं कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. त्यातच मृगाचा पाऊस, ओला गोठा. गप्प राहिलेला जंतू वाढतो, बाहेर पडतो, शेजारच्या जनावरांच्या नाकात जातो. ताप चढल्यापासून एका दिवसात म्हैस हातची जाते, हे तू पाहिलंसच.

पोट भरलेलं जनावरही उपाशी असू शकतं. २०१९च्या दुष्काळात जनावरांच्या चारा छावण्यांमध्ये मुख्य चारा उसाचा होता. त्यानं पोट भरतं, अंगी लागत नाही, कारण प्रथिनं फार थोडी. शिवाय शेकडो जनावरं एकाच हौदावर. म्हणून गोठ्यात गेलीस की बरगड्या बघ, गव्हाणीत हात घाल, मालकिणीला विचार, ‘हिरवं शेवटचं कधी घातलं?’ वैरण बहुधा बाईच घालते, खरं उत्तर तिच्याकडे मिळतं. शेवग्याचा पाला, थोडी पेंड, मूठभर क्षारमिश्रण, एवढ्यानंही फरक पडतो. मात्र उपाशी जनावराला एकदम भरडा (भरडलेलं धान्य) घालू देऊ नकोस, आम्लता होऊन ते पोटानं जाईल.

आणखी एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. अशक्त जनावराला नळीनं औषध पाजायची घाई लोक करतात. मान वर ओढतात, जीभ धरतात, आणि औषध फुफ्फुसात जातं. तोंड पाठीच्या रेषेपेक्षा फार वर नको, जीभ मोकळी हवी, ठसका लागला की लगेच थांबायचं. घसा सुजला असेल तर तोंडानं काहीच नाही, औषध सुईनंच. हे प्रत्येक गोठ्यात स्वतः करून दाखव.

पुढच्या वर्षीची लस मे संपायच्या आत टोचून व्हायला हवी, संरक्षण यायला दोन-तीन आठवडे लागतात. आणि कुपोषित जनावरात लस नीट लागत नाही, म्हणून खुराकाचं बोलणं मार्चपासूनच सुरू कर.

तुझा,
सर