तबेल्यातले प्रश्न : पोटशूळ, खूर आणि उतरून चढणारा ताप

प्रश्न : जुहूच्या वाळूवर आमचा सवारीचा घोडा असतो. परवा रात्री त्याने चंदी (दाण्याचा खुराक) अर्धी टाकली, पुढच्या पायाने जमीन उकरू लागला आणि सारखा कुशीकडे वळून बघत होता. डॉक्टर यायला दीड तास लागला. तोवर काय करायला हवं होतं? सगळे म्हणत होते, बाटलीने तेल पाजा.

उत्तर : पाजलं नसेल तर बरंच झालं. हा पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, आणि जबरदस्तीने ओतलेलं तेल श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया होतो. गरज असेल तर डॉक्टर नाकातून जठरापर्यंत नळी घालून ते देतात.

गव्हाण रिकामी करा. मग नाडी बघा : खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटं फिरवली की दोरीसारखी शीर सरकते. 15 सेकंद मोजून चारने गुणा. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी 28 ते 44 असते. 60 च्या वर राहिली तर डॉक्टरांना लगेच पुन्हा फोन करा. हिरडी अंगठ्याने दाबून सोडा, पांढरा डाग दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. दोन्ही कुशींना कान लावा. गुडगुड अजिबात नसेल तर लक्षण वाईट. शेवटची लीद कधी टाकली तेही सांगा. अंग आपटून लोळत असेल तर दहा-पंधरा मिनिटं हळू फिरवा, शांत पडला असेल तर पडू द्या. रात्रभर फिरवून दमवण्याने काही साधत नाही. उरलेलं वेदनाशामक स्वतः टोचू नका. दुखणं झाकलं जातं आणि ऑपरेशनची वेळ हातची निघून जाते.

तुमच्याकडे मला वाळूचाही संशय येतो. चारा जमिनीवर टाकलात की घासाबरोबर वाळू पोटात जाते आणि मोठ्या आतड्यात साचते. जमिनीला न लागलेले लिदीचे पाच-सहा गोळे पारदर्शक बरणीत पाण्यात कालवून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तळाशी चमचाभर वाळू दिसली तर डॉक्टरांना दाखवा. नाही दिसली म्हणून पोटात नाहीच, असं मात्र समजू नका. 400 किलोच्या घोड्याला दिवसाला निदान 6 किलो सुका चारा हवा, आणि चंदी एका वेळी 2 किलोच्या आतच. खुराक बदलायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा. मुंबईच्या उकाड्यात पाण्याची बादली कधीच रिकामी नको.

प्रश्न : पावसाळ्यात खुराखालून काळा, घाण वासाचा चिकट पदार्थ येतो. नाल बदलून थांबेल का?

उत्तर : नालेने नाही थांबणार. तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग ओल्या लिदीत राहून कुजतोय. रोज आकड्याने टाचेकडून पुढे खूर साफ करा, कोरडा पुसा, मधल्या खाचेत पोव्हिडोन आयोडीनचा बोळा घाला. खाली पेंढा ओला दिसला की बदला. नालबंदाला दर सहा आठवड्यांनी बोलवा. कुजलेला भाग त्यालाच कापू द्या.

पण दोन्ही पुढचे खूर गरम लागत असतील आणि घोडा भार मागे टाकून उभा असेल, तर गोष्ट वेगळी. तो खुराच्या आतला दाह. त्याला चालवू नका, मऊ जाड अंथरुणावर उभा करा आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. खिळा रुतला असेल तर धनुर्वाताची लस झालीय का, हे आधी सांगा.

प्रश्न : चारेक दिवसांआड ताप येतो-जातो, घोडा वाळत चाललाय, पोटाखाली आणि पायांना सूज आहे.

उत्तर : सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवी जंतूंचा रोग, असू शकतो. मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे तो पसरतो, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त दिसतो. सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातला ताप लिहून ठेवा (नेहमीचा 99 ते 101 फॅरनहाइट). ताप चढलेला असतानाच रक्त काढून घ्या, कारण उतरल्यावर रक्तात जंतू सापडतीलच असं नाही. नाकातून घट्ट पिवळा स्राव किंवा कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर मात्र हातमोजे घाला, घोडा वेगळा बांधा आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवा. तो ग्लँडर्स, म्हणजे घोड्यांचा संसर्गजन्य रोग, असेल तर माणसालाही होतो.