व्हीसेंटर उघडताना दरवेळी ‘नॉट सिक्युअर’ येतं, सर्टिफिकेट कसं बसवू?

तुम्ही लिहिलंय की विंडोज लॅपटॉपवर क्रोममध्ये व्हीसेंटर (व्हीएमवेअरचे व्हर्च्युअल सर्व्हर सांभाळणारं सॉफ्टवेअर) उघडलं की इशारा येतो, ‘अॅडव्हान्स्ड’ दाबून तुम्ही पुढे जाता, पण आता डेटास्टोअरवर (सर्व्हरच्या साठ्यावर) आयएसओ फाइल अपलोडच होत नाही. या दोन्हींचं मूळ एकच आहे. तुम्ही पुढे जायची परवानगी देता ती फक्त व्हीसेंटरच्या पत्त्यापुरती. फाइल मात्र ब्राउझर थेट ईएसएक्सआय होस्टकडे (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रत्यक्ष सर्व्हरकडे) पाठवतो आणि त्या होस्टला तो ओळखतच नाही. आवृत्ती ६.० पासून व्हीसेंटर आपल्या होस्टची ओळख पटवणारी सर्टिफिकेटंही स्वतःच सही करून देतो. त्यामुळे त्याचं एक रूट (बाकी सर्टिफिकेटांवर सही करणारं मूळ सर्टिफिकेट) बसवलं की सगळे होस्ट त्यात आले.

व्हीसेंटरच्या पहिल्या पानावर, लॉगिनच्या आधीच, ‘डाउनलोड ट्रस्टेड रूट सीए सर्टिफिकेट्स’ अशी लिंक दिसेल. झिप उघडा, त्यातल्या ‘विन’ फोल्डरमधली सीआरटी फाइल घ्या.

आता जरा थांबा. ही झिप तुम्ही ज्या कनेक्शनवरून उतरवलीत, त्याच्यावरच तर अजून विश्वास बसलेला नाही. आणि रूट बसवणं म्हणजे त्याची सही असलेलं कुठलंही सर्टिफिकेट तुमचा लॅपटॉप यापुढे न विचारता खरं मानणार. म्हणून फाइलवर डबल-क्लिक करून ‘डिटेल्स’मध्ये सगळ्यात खाली ‘थम्बप्रिंट’ बघा. चाळीस अक्षरं-आकडे असतात. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करा, त्याला कन्सोलवर ओपनएसएसएलने त्याच रूटचा शा-१ ठसा (म्हणजे हाच थम्बप्रिंट) काढायला सांगा आणि दोन-दोन अक्षरं वाचत पूर्ण जुळवा. आम्ही नवीन माणसाच्या लॅपटॉपवर हे प्रत्येक वेळी करतो. दोन मिनिटं लागतात.

जुळलं की ‘इन्स्टॉल सर्टिफिकेट’, मग ‘लोकल मशीन’ (यासाठी अॅडमिनचे हक्क लागतात). पुढच्या पायरीवर विंडोजला आपोआप जागा निवडू देऊ नका, ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज’ हा कप्पा स्वतः निवडा. मग क्रोमच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा.

एवढं करूनही इशारा आला तर पत्त्याच्या पट्टीत काय टाइप केलंय ते बघा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तेच रूट तीनदा काढून तीनदा बसवलं, दुपार गेली, आणि चूक एवढीच होती की मी आयपी टाकत होतो. सर्टिफिकेटमध्ये होतं फक्त सर्व्हरचं पूर्ण नाव. २०१७ मधल्या क्रोम ५८ पासून ब्राउझर ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’मध्ये लिहिलेलं नावच जुळवतो, तिथे आयपी नसेल तर आयपी चालणार नाही. डीएनएसमध्ये (नावावरून आयपी शोधणाऱ्या यंत्रणेत) नाव सापडत नसेल तर विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये आयपी आणि नावाची एक ओळ घाला.

फायरफॉक्सचा सर्टिफिकेटांचा साठा वेगळा असतो, पण आवृत्ती १२० पासून तो विंडोजमध्ये बसवलेली रूटंही धरतो. जुनी आवृत्ती असेल तर अपडेट करा.

उद्या व्हीसेंटर नव्याने उभारला तर त्याचं रूटही नवीन असेल. तेव्हा ‘सर्टएलएम’ (विंडोजमधली सर्टिफिकेटांची खिडकी) उघडून आधी जुनं काढा, मग नवीन घाला, आणि ठसा पुन्हा फोनवर जुळवा.