रोजचं दैनिक आपलं राजकीय मत बदलतं का? इंदूरमध्ये राहून हे कसं तपासायचं?

थेट बदलतं असं क्वचितच. पण कशावर मत बनवायचं, ते बरंचसं बातम्याच ठरवतात. मॅककॉम्ब्स आणि शॉ या माध्यम-संशोधकांनी 1968 च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिलमधल्या 100 अनिश्चित मतदारांना विचारलं, तेव्हा त्यांना महत्त्वाचे वाटणारे मुद्दे आणि माध्यमांनी उचललेले मुद्दे यांचा क्रम जवळजवळ सारखा निघाला.

घरी मोजायचं तर पट्टी घ्या. सात दिवस पहिल्या पानावरच्या प्रत्येक विषयाची जागा स्तंभ-सेंटिमीटरमध्ये लिहा: स्तंभांची संख्या गुणिले उंची. शेजारी घरच्यांचे ‘सध्याचे तीन मोठे प्रश्न’ लिहा, पण ते मोजणीच्या आधी विचारून ठेवा. नंतर विचारलंत तर तुमचे आकडे पाहूनच उत्तरं येतील. आठवड्यावरून कारण सिद्ध होत नाही, कल मात्र दिसतो.

दोन पेपर घेतले म्हणजे दोन बाजू कळल्या, हा इथला आवडता गैरसमज. दोन्हीकडे ‘भाषा’ या पीटीआयच्या हिंदी वृत्तसेवेचीच बातमी असेल तर बाजू एकच. बातमीच्या सुरुवातीला स्रोत बघा.

निवडणुकीत आणखी एक गोष्ट. वेगवेगळ्या दैनिकांत, वेगवेगळ्या वार्ताहरांच्या नावाने, शब्दशः तोच मजकूर आला तर पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातमीचा, संशय घ्यावा. कात्रणं तारखेसह जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व देखरेख समितीकडे द्या. पेड न्यूज ठरली तर तो खर्च उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरला जातो, म्हणून तक्रार मतदानाआधी करा.