सेमिनरीला निघालेल्या मुलीस

प्रिय मुली,

येशूच्या नावात सलाम.

सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजचा, फॉर्म भरलास हे कळलं, फार आनंद झाला. घरात मात्र कुरबुर चालली आहे. "बाईमाणसाने संडे स्कूल घ्यावं, महिला मंडळ चालवावं, पुलपिटावर कशाला चढायचं?" असं काका म्हणाले, आणि त्यांना काय उत्तर देऊ, असं तू विचारतेस. आत्ता काहीच देऊ नकोस. आधी नव्या कराराची मूळ भाषा, ग्रीक, शीक.

वेळ मारून न्यायची म्हणून सांगत नाही हे. हा वाद निघाला की बायकांनी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गप्प राहावं, शिकवू नये असं सांगणारी पौलाच्या पत्रांतली दोन वचनं हमखास पुढे येतात: 1 करिंथ 14:34 आणि 1 तीमथ्य 2:12. ती ज्यांना तोंडपाठ असतात, त्यांना त्याच करिंथच्या पत्राचा 11वा अध्याय सहसा आठवत नाही. तिथे 5व्या वचनात बायका प्रार्थना करतात, संदेश देतात, हे पौल धरूनच चालतो. त्याची चर्चा डोकं झाकण्याबद्दल आहे. मग तोच माणूस तीन अध्यायांनी 'गप्प राहा' म्हणतो, ते कुणाला आणि कशावरून? काही जुन्या हस्तलिखितांत 34 आणि 35 ही वचनं जागेवर नाहीतच, अध्यायाच्या शेवटी 40व्या वचनानंतर येतात. अभ्यासकांचं यावर अजून एकमत नाही. तुझं मत काय व्हायचं ते होवो, पण ते तू स्वतः वाचून झालेलं असू दे.

रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय नुसती नावांची जंत्री म्हणून लोक चाळून सोडतात. तू तिथे थांब. पहिलंच नाव फीबीचं, किंख्रियाच्या मंडळीतलं. हे पत्र रोमला तिनेच पोचवलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे तिकडच्या लोकांना काही शंका आली असेल, तर समोर उभी होती ती फीबी. तिच्यामागोमाग प्रिस्किल्ला येते, आणि नवऱ्याच्या आधी येते. अपुल्लोससारख्या फर्ड्या वक्त्याला या दोघांनी जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला, हे प्रेषितांच्या कृत्यांत 18व्या अध्यायात आहेच.

पुढेही काही शतकं हे चालू होतं. 535 साली सम्राट जस्टिनियनने कॉन्स्टँटिनोपलच्या मोठ्या चर्चचा सेवकवर्ग ठरवून दिला, त्यात 60 प्रीस्ट, 100 डीकन (प्रीस्टच्या खालचे सेवक) आणि 40 डीकनेस, म्हणजे बायका सेविका, होत्या. या डीकनेस करायच्या काय? मोठ्या वयाच्या बायकांचा बाप्तिस्मा व्हायचा तेव्हा त्यांना पाण्यात उतरवायला, अंगाला तेल लावायला बाईच हवी असे. लहान मुलांचा बाप्तिस्मा सर्रास झाला तशी ही गरज ओसरली, आणि गरजेबरोबर पदही गेलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'असं कधी नव्हतंच' असं तुला ठासून सांगणारे भेटतील. होतं, आणि ते का गेलं याची कारणंही सापडतात.

मध्ययुगातल्या हिल्डेगार्ड आणि सिएनाची कॅथरीन, सोळाव्या शतकातली तेरेसा या संत बायकांवर सेमिनरीत तास होतीलच, मी त्यात शिरत नाही. मला तुला आपल्या पंडिता रमाबाईंकडे न्यायचंय.

आपण त्यांना अनाथ-विधवांची माउली करून भिंतीवर टांगलं. त्यांची 1885 सालची पत्रं वाच. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, ज्या सिस्टर्सची, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींची, ओळख पुण्यातच झाली होती त्यांच्याकडे. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी गोष्ट निघाली, आणि मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाई तेव्हा 27 वर्षांच्या. विधवा, पदरात लहानगी मनोरमा, परका देश, राहणं दुसऱ्यांच्या आधारावर. तरी त्यांनी लिहिलं की माझ्या आईने आणि मी तरुणांना शिकवलं, त्याला माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी आडकाठी केली नाही, आणि इथली इंग्रज माणसं करतात याचं मला नवल वाटतं. आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने फेकलं ते दुसरं मानेवर घ्यायला नव्हे, असंही त्यांनी त्याच सिस्टर्समधल्या जेराल्डीनना स्वच्छ कळवलं. ज्यांच्या घरचं अन्न खात होत्या, त्यांनाच!

आणि बोलून थांबल्या नाहीत. बायबलचं चालू मराठी खेड्यातल्या बाईला जड जातं असं त्यांना वाटलं, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मुळावरून भाषांतर केलं. केडगावात त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला मुलीच होत्या. ज्यांना कालपर्यंत अक्षरओळख नव्हती, त्यांच्या बोटांखालून मोशे आणि यशया ओळीओळीने उमटत होते. रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या, पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं. त्यांना कुणी पाळकपदाची दीक्षा दिली नव्हती. दौंडची गाडी पकड आणि केडगावला एकदा जाऊन ये.

दीक्षेचं म्हणशील, तर ती दारं आता बरीच उघडली आहेत. 1944 मध्ये युद्धाच्या धामधुमीत मकावला प्रीस्ट पोचू शकत नव्हता, म्हणून हाँगकाँगच्या बिशपांनी फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना दीक्षा दिली. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, जगातली ती पहिली बाई प्रीस्ट. लढाई संपताच एवढं काहूर उठलं की त्यांना काम सोडावं लागलं, पण दीक्षा त्यांनी परत केली नाही. दक्षिणेत 2013 साली पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. 2025 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदी, अँग्लिकनांच्या सर्वांत मानाच्या पदी, सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. आपल्या नॉर्थ इंडियाच्या मंडळीत बायकांना दीक्षा मिळते. कॅथलिक मंडळीत मिळत नाही, 1994 मध्ये पोपनी ते पुन्हा ठामपणे सांगितलं. तरी पुण्यात रामवाडीला ज्ञानदीप या कॅथलिक संस्थेत सिस्टर्स धर्मशास्त्र शिकतात. त्यांच्याशी मैत्री कर, त्यांचं वाचन दांडगं असतं.

आता थोडं व्यवहाराचं. मी पुण्यातल्या एका मंडळीत बरीच वर्षं पंच कमिटीवर होते. तिथली इतिवृत्ताची जुनी वही चाळली, तर हार्वेस्टच्या, म्हणजे चर्चच्या सुगीच्या सणाच्या, लिलावाची सगळी तयारी बायकांची, आणि नोंद एका ओळीची: 'महिला मंडळाने चहापानाची व्यवस्था केली.' नाव एकीचंही नाही. घरोघर जाऊन वचन सांगणाऱ्या कितीतरी बायबल वुमनचंही असंच झालं. म्हणून तू जिथे जाशील तिथे सभेचं इतिवृत्त लिहायचं काम मागून घे, आणि कुणी काय केलं ते नावानिशी लिही. हिशेबही शीक. संदेश द्यायला बाईला बोलावतात, वर्षातून एकदा महिला रविवारी तर अगदी कौतुकाने. पैशाची वही मात्र सहजासहजी हाती देत नाहीत, आणि मंडळीत काय होणार ते पुष्कळदा तिथेच ठरतं.

मुलाखतीच्या आधी एखादी संध्याकाळ माझ्याकडे ये. ओळीखाली ओळ अर्थ दिलेला ग्रीक नवा करार माझ्याकडे आहे, तो घेऊन जा. कडेला पेन्सिलीने खुणा आहेत, त्या खोडू नकोस. तुझ्या तू वेगळ्या रंगाने कर.

तुझी,
बाई