सांबरा विमानतळासाठी अनुदान: अर्ज कुणी आणि कुठं करायचा

तुमच्या व्यापारी मंडळाला बेळगावच्या सांबरा विमानतळावर मालासाठी शेड, म्हाताऱ्या-आजारी माणसांसाठी बसायची बरी सोय आणि गावात यायला बस हवी आहे. केंद्राच्या अनुदानाचा अर्ज कुठं करायचा, आणि 'प्रकल्प अहवाल करून देतो, आधी पैसे भरा' म्हणणाऱ्या गृहस्थाला पैसे द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. एक रुपयाही देऊ नका. विमानतळ सुधारायचं अनुदान खासगी मंडळाच्या हातात पडत नाही, त्यामुळं तो अहवाल कितीही गुळगुळीत कागदावर छापला तरी तुमच्या नावानं तो घेणारं टेबल कुठंच नाही.

लहान शहरं विमानानं जोडायच्या केंद्राच्या 'उडान' योजनेचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, पण पैसा कुणाला मिळतो ते फार जण बघत नाहीत. २०१६ साली आलेल्या या योजनेत एक रक्कम बंद पडलेले किंवा जेमतेम चालणारे विमानतळ उभे करायला आहे. ती राज्य सरकार, विमानतळ प्राधिकरण अशा मालकांच्या मार्फत खर्च होते. दुसरी विमान कंपन्यांना मिळते. ठरावीक मार्गावर काही जागा कमी भाड्यात विकल्यामुळं येणारी तूट तीन वर्षं भरून देतात. कंपनीनं निविदा भरायची, आणि त्या तुटीतला २० टक्के वाटा कर्नाटकासारख्या राज्यानं उचलायचा.

बेळगावला याचा फटका बसलेला आहे. आठवड्याला सातपेक्षा जास्त उड्डाणं असलेला विमानतळ सुरुवातीच्या नियमांत बसत नव्हता. आपल्याकडं विमानं होती म्हणून आपण बाहेर राहिलो, हुबळी आत गेलं, आणि २०१८ मध्ये इथली विमानं तिकडं वळली. २०१९ साली 'उडान'च्या तिसऱ्या फेरीत बेळगावचं नाव आलं तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. निवेदनं, मोर्चे झाले हे खरं, पण राज्य आणि कंपनी दोघांची तयारी नसती तर नुसत्या निवेदनांनी विमान उतरलं नसतं.

म्हणून तुमच्या तीन मागण्या एका कागदावर कोंबू नका. प्रत्येकीचा मालक वेगळा आहे.

बसायची सोय, चाकाची खुर्ची, स्वच्छतागृह हे सगळं टर्मिनलच्या आतलं, म्हणजे विमानतळ प्राधिकरणाचं. २०१७ ची इमारत अपुरी पडते म्हणून नव्या टर्मिनलची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. तेव्हा जुन्या इमारतीत मोठा खर्च मागण्यात अर्थ नाही. नव्या इमारतीत काय असणार आहे ते विचारा. खासदारांच्या अध्यक्षतेखाली विमानतळ सल्लागार समिती असते, तिच्या बैठकीत मुद्दा घालायचा. आधी माहिती अधिकारात मागच्या बैठकांची इतिवृत्तं मागवा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा कन्नडमध्ये करा. कायद्यात त्या भागाची राजभाषा म्हटलंय, मराठीत लिहिलात तर परत पाठवायला निमित्त मिळतं. तुमचाच मुद्दा दोन बैठकांपूर्वी येऊन गेलेला दिसला, तर 'त्यावर काय कार्यवाही झाली' एवढंच विचारा. हे नव्या निवेदनापेक्षा जास्त टोचतं.

मालाच्या शेडची मागणी सगळ्यात कठीण, आणि तुमच्या मंडळाला खरं काम इथंच आहे. प्राधिकरणाची कार्गो सांभाळणारी वेगळी कंपनी आहे. तिला 'भागाचा विकास' वगैरे शब्दांनी काही होत नाही, तिला टनाचा हिशेब लागतो. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले कारखानदार आणि भाजी-फुलांचे व्यापारी यांना एकत्र बसवा आणि एक साधा तक्ता करा: माल कोणता, आठवड्याला किती किलो, कुठल्या महिन्यांत, आज कुठून जातो, किलोला काय दर पडतो, किती तासांत पोचला पाहिजे. प्रत्येक ओळीखाली त्या व्यापाऱ्याची सही आणि जीएसटी क्रमांक. मागच्या वर्षीच्या ट्रान्सपोर्टच्या पावत्या जोडता आल्या तर सोन्याहून पिवळं. आकडे फुगवू नका. इथं येणाऱ्या लहान विमानांत प्रवाशांच्या बॅगा चढल्यावर उरते ती जागा मालाला, हे समोरचा अधिकारी तुमच्यापेक्षा चांगलं जाणतो. रोज पाच टन लिहिलंत तर पुढचं पान उलटायचा नाही. कोथिंबीर विमानानं पाठवून परवडते का, हेही त्या तक्त्यातच कळेल. बहुतेक नाही परवडणार. सुटे भाग कदाचित परवडतील.

तक्त्याची एक प्रत राज्याच्या पायाभूत सुविधा विकास खात्याला द्या. जमीन, वीज, पाणी, रस्ता यांत राज्य हललं नाही तर दिल्लीला फार काही करता येत नाही. धावपट्टी २३०० मीटर झाली तीसुद्धा राज्यानं जमीन दिल्यामुळं. बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, त्याच्या बरंच आधी आमदारांकडून लेखी प्रश्न टाकून घ्या. अधिवेशनाच्या दिवशी गेटवर निवेदन देऊन पेपरात फोटो येतो, कार्यालयाच्या आवक नोंदीचा (इनवर्ड) नंबर मिळत नाही.

बसचा विमानतळाशी संबंधच नाही. ती वायव्य कर्नाटक परिवहनची. बेळगावच्या विभागीय नियंत्रकांच्या नावे कन्नडमध्ये अर्ज, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला प्रत, दोन्हीकडं पोचेचा शिक्का. थांब्यावर निवारा हवा असेल तर खासदार निधीतून होऊ शकतो, पण जागा सार्वजनिक पाहिजे. सर्व्हे नंबर आणि उतारा आधीच काढून ठेवा. बसच्या अर्जासोबत विमानांचं वेळापत्रक जोडायला विसरू नका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक लागतं, त्यामुळं अर्ज त्यानंतर केलात तर बसच्या वेळा लगेच पुन्हा बदलून मागायला लागणार नाहीत.